मूळ प्रतीत नसलेली ओळ

आमच्या घरी स्वल्पविरामसुद्धा मोठ्याने वाचला जातो. बाबा एका दैनिकात एकतीस वर्षं मुद्रितशोधक होते, म्हणजे छापण्याआधी मजकुरातल्या चुका पकडणारे. या कामाला दोन माणसं लागतात. एकाने मूळ प्रत हातात धरून खणखणीत वाचायची, विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्याने छापील कागदावर पेन्सिल टेकवून ओळ न् ओळ पुढे सरकायचं. वाचणाऱ्याने समजून वाचायचं नसतं. समजून वाचणारा माणूस कागदावर नसलेलंही वाचतो, असं बाबा म्हणतात. माझ्याबाबतीत हे इतकं खरं ठरेल असं त्यांनाही वाटलं नसणार.

मी इतिहासाची विद्यार्थिनी. प्रबंधासाठी एकोणिसाव्या शतकातली अमेरिका घेतली, कारण मला लढाया हव्या होत्या, तोफा, सेनापती, नकाशे. प्रबंधाच्या मार्गदर्शक मॅडमनी हातात जाहिराती ठेवल्या. मी तोंड वाकडं केलं. "महिनाभर वाच, मग तोंड वाकडं कर," मॅडम म्हणाल्या.

तिथलं यादवी युद्ध १८६५ साली संपलं आणि गुलामगिरीही कायद्याने संपली. मग सुटलेल्या माणसांनी पहिलं काम केलं ते शोधण्याचं. कोणाची आई विकली गेली होती, कोणाचा नवरा, कोणाची तान्ही पोर. नावावरून शोधावं तर मालक बदलला की नावही बदलायचं. तेव्हा ही माणसं धार्मिक साप्ताहिकांत चार-सहा ओळी छापून आणत. मला कोणी विकलं, कुठे विकलं, माझ्या मुलीच्या अंगावर कुठे खूण आहे, मी आता कुठे राहते. आणि शेवटी बहुतेकदा एक विनंती: धर्मोपदेशकांनी हे सभेत मोठ्याने वाचून दाखवावं. कारण ज्यांच्यासाठी ते छापलं, त्यांना आयुष्यभर अक्षराला हात लावू दिलेला नव्हता. त्या जाहिराती वाचण्यासाठी नव्हत्याच, ऐकण्यासाठी होत्या.

महिनाभर वाचल्यावर माझं तोंड आपोआप सरळ झालं.

काम ठरलेलं होतं. विद्यापीठाच्या वाचनालयात जुन्या साप्ताहिकांची फिल्मची रिळं होती, एका वर्षाचं एक रीळ. मी रोज एक रीळ यंत्रावर चढवायची, जाहिराती आपल्या भाषेत वहीत उतरवायची, घरी जाऊन टाइप करायची. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला, चहा झाला की, बाबा टाइप केलेला कागद आणि जाड भिंग घेऊन बसायचे आणि मी वहीतून मोठ्याने वाचायची. निवृत्त माणसाला काम आणि मला फुकटचा मुद्रितशोधक. एका दगडात दोन पक्षी.

त्या जाहिरातींत एक बाई दरवर्षी भेटायची. १८६७ सालच्या रिळात ती पहिल्यांदा दिसली. लोकांचे कपडे धुऊन पोट भरणारी. तिची मुलगी १८५५ साली विकली गेली, तेव्हा सहा वर्षांची. मुलीचं घरातलं लाडाचं नाव आपल्या भाषेत आणलं तर चिमणी होतं, म्हणून मी चिमणीच लिहिलं. शेवटी ओळ होती: "मी अजून याच पत्त्यावर आहे." १८६८ मध्ये हीच जाहिरात, त्याच आठवड्यात. १८६९ मध्ये पुन्हा. धुणंवाली एकही वर्ष चुकवत नव्हती.

"ठमे," बाबा तिसऱ्या वर्षीच्या जाहिरातीशी पेन्सिल थांबवून म्हणाले, "ही पोर वाढतच नाही."

"म्हणजे?"

"दरवर्षी सहाच वर्षांची. आता ती वीस वर्षांची बाई असेल. लोक सहा वर्षांची पोर शोधत बसतील, सापडणार कशी?"

मी वहीत मान खुपसली. आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या आईचे हातही थांबले. कारण बाबांच्या स्वतःच्या जाहिरातीत माझा दादा सात वर्षं एकोणीस वर्षांचाच होता.

ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

दादा बाबांच्याच दैनिकाच्या छापखान्यात मूळ प्रत वाचायला बसायचा, बाबांच्या समोर. घरीही बाबांसमोरची खुर्ची त्याचीच, तिथे बसून तो मोठ्याने वाचायचा सराव करायचा. एका शनिवारी एक निधनवार्ता आली. दादाचं लक्ष खिडकीबाहेर गेलं आणि ओळ हरवली. छपाईसाठी अक्षरांची जुळणी करणाऱ्याने गेलेल्या माणसाचं नाव आणि बातमी देणाऱ्याचं नाव यांची अदलाबदल केली होती, आणि दादाने मूळ प्रतीकडे न बघता बाबांच्या पुढ्यातला कागद उलट्या बाजूने बघून तसंच वाचलं. डोळ्यांना आणि कानांना एकच गोष्ट मिळाली, बाबांनी सही केली. रविवारी सकाळी एका जिवंत शिक्षकाने चहा पिता पिता स्वतःच्या मरणाची बातमी वाचली. त्याची बायको आठवड्यापूर्वी गेली होती, आणि छापील कागदावर ती त्याच्यामागे दुःख करत होती.

बाबांना घरी बसवलं. एकतीस वर्षांत एक डाग नाही आणि शेवटी हा. भर दुपारी, जेवणाच्या ताटावर, बाबा दादाला म्हणाले, "जिवंत माणसाला मारलंस तू. आता मला तू मेलास." दादाने हात धुतला, पिशवी भरली आणि गेला. मी पंधरा वर्षांची होते. मला वाटलं, चिडलाय, येईल संध्याकाळी.

वर्षभराने बाबांनी त्याच दैनिकात जाहिरात दिली. फोटो, वय एकोणीस, "जिथे असशील तिथून ये, कोणी काही बोलणार नाही." मग दरवर्षी त्याच तारखेला.

आता माझं पाप. तीन वर्षांपूर्वी मला कॉलेजच्या पत्त्यावर दादाचं पत्र आलं. ते माझ्या शब्दकोशात ठेवलेलं आहे आणि मला पाठ आहे. "ठमे, मी बरा आहे. वर्तमानपत्राला हात लावत नाही, सामान गुंडाळून आलं तरी कागद न बघता फेकतो. एकच विचारायचंय. बाबांनी मला एकदा तरी शोधलं का? शोधलं असेल तर लिही, मी येतो. नसेल तर काही लिहू नकोस. मी समजेन."

मी लिहिलं नाही.

का, हे स्वतःला विचारून मी थकले. आधी राग होता. पाच वर्षं आईचं रडणं मी पुसलं आणि हा आता हिरोसारखा परत येणार. मग एक लाजिरवाणी गोष्ट होती. दादा गेल्यावर घरातल्या त्याच्या खुर्चीत मी बसले होते, दुपारी बाबांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला. बाबा आयुष्यात पहिल्यांदा रोज तासभर माझा आवाज ऐकत होते. ती खुर्ची मला सोडवत नव्हती. उद्या लिहू म्हणता म्हणता महिना गेला, महिन्याचं वर्ष झालं, आणि मग इतका उशीर झाला की आता कोणत्या तोंडाने लिहायचं. मी मूग गिळून बसले. आणि माझं गप्प बसणं तिकडे उत्तर म्हणून पोचलं.

तर १८६९ ची जाहिरात मी बाबांना वाचून दाखवत होते.

"...तेव्हा ती सहा वर्षांची होती, पूर्णविराम. तिच्या डाव्या कोपरावर इस्त्रीने भाजल्याचा डाग आहे, पूर्णविराम. मी अजून याच पत्त्यावर..."

"थांब." बाबांची पेन्सिल कागदावर मागे-पुढे झाली. "इस्त्रीचं वाक्य इथे नाही. टाइप करताना गाळलंस."

मी वहीत बघितलं. वहीतही नव्हतं. सहा वर्षांची, पूर्णविराम, आणि लगेच पत्ता. मधे कोरी जागासुद्धा नाही.

"समजून वाचत होतीस," बाबा म्हणाले. "मनाने जोडलंस. इतिहास लिहितेस की कादंबरी?"

मी हसले. माझ्या जिभेला मात्र वेगळीच चव आली होती, साबणाच्या पाण्याची. दात घासताना खळखळून चूळ भरली तरी गेली नाही.

दोन दिवसांनी मी १८७२ चं रीळ चढवलं. धुणंवाली नेहमीच्या आठवड्यात होती. जाहिरात एका ओळीने वाढली होती. "तिच्या डाव्या कोपरावर इस्त्रीने भाजल्याचा डाग आहे."

मी यंत्राचा दिवा बंद केला, पुन्हा लावला. ओळ तिथेच होती. हे रीळ मी आधी पाहिलं नव्हतं. खोक्यावर रीळ नेणाऱ्याने सही करायची असते, आणि त्या कार्डावर माझ्याआधी एकही सही नव्हती. वाचनालयात दुपारचं लख्ख ऊन होतं, पंखा चालू होता, आणि माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. मी खात्री करायला ती जाहिरात हळू आवाजात वाचली, फक्त ओठांतल्या ओठांत.

वाचनालयाची देखरेख करणाऱ्या बाईंना आम्ही विद्यार्थी शूबाई म्हणतो, कारण त्यांच्या तोंडून आम्ही दुसरं काही ऐकलेलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा त्या पूर्ण वाक्य बोलल्या. "आळीपाळीने वाचायचं असेल तर दोघी बाहेर जाऊन वाचा."

"मी एकटीच आहे, बाई."

त्यांनी माझ्या शेजारी पाहिलं. तिथे एक खुर्ची माझ्या खुर्चीला अगदी खेटून ओढलेली होती. मी आले तेव्हा ती भिंतीशी होती. शूबाईंनी ती उचलून जागेवर नेऊन ठेवली, हात झटकले, मग तळहात साडीला पुसले. खुर्चीची पाठ ओली होती म्हणाल्या.

मी बाबांना काही सांगितलं नाही. सांगून काय, म्हणतील अभ्यासाने डोकं फिरलं. पण १८७२ ची जाहिरात तपासताना इस्त्रीच्या वाक्याशी त्यांची पेन्सिल थांबली. त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. एकतीस वर्षं चुका पकडणाऱ्या माणसाला न सांगता कळतं. "पुढे," ते म्हणाले, पण आवाज चढा नव्हता.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला वेगळाच कागद टाइप करायला दिला.

"यंदाची जाहिरात. शुक्रवारी दुपारपर्यंत दैनिकात पोचली पाहिजे, रविवारी येईल. मजकूर बदललाय."

मी वाचलं. दादाचा फोटो तोच. खाली: "आठ वर्षं वाट पाहिली. आता तो नाही असं समजून आम्ही त्याला निरोप देत आहोत. आई, बाबा, बहीण."

"बाबा, हे काय?"

"तुझी आई दार वाजलं की दचकते, ठमे. आठ वर्षं. माझे डोळे जायला आलेत. कुठेतरी पूर्णविराम द्यावाच लागतो."

आई दारात उभी होती. तिला हे पटलंय की नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना. ती इतकंच म्हणाली, "मी आता आणखी एक वर्ष नाही करू शकत." आणि आत गेली.

सोमवार होता तो. चार दिवस माझ्या हातात होते. जिवंत माणसाला छापून मारल्याबद्दल ज्यांनी पोराला घराबाहेर काढलं, तेच बाबा आता त्याच पोराला छापून मारणार होते, आणि हे थांबवणारा कागद माझ्या शब्दकोशात होता. मला काय करायचं ते स्पष्ट माहीत होतं. मी तो मजकूर टाइप केला. भित्रेपणाला तळ नसतो.

मंगळवारी १८७९ ची जाहिरात तपासत होतो. धुणंवाली आता थकलेली वाटत होती, वाक्यं तुटक झाली होती. मी वाचत होते. "सहा वर्षांची होती, पूर्णविराम. मी अजून याच पत्त्यावर आहे, पूर्णविराम. तीन वर्षं विचारलं, पूर्णविराम. कोणी काही बोललं नाही, स्वल्पविराम, म्हणजे उत्तर मिळालं, पूर्णविराम. आता विचारणार नाही, पूर्णविराम."

माझा आवाज माझा नव्हता. बारीक होता, तरुण होता, आणि शब्द चाचपत चालल्यासारखा येत होता, नुकतंच वाचायला शिकलेल्या माणसासारखा.

बाबांनी पेन्सिल खाली ठेवली.

"शेवटच्या ओळी नाहीत ना वहीत?"

"नाहीत."

"त्या ओळी धुणंवाल्या बाईच्या नाहीतच. ती बाई असं बोलत नाही. ती हट्टी आहे, ती विचारणं सोडणार नाही. हे दुसरंच कोणीतरी बोलतंय." मग त्यांनी माझा हात धरला. माझी बोटं पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी सुरकुतली होती. "कोण बोलतंय, ठमे?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी हात सोडवून घेतला.

बुधवारी सकाळी मॅडमना गाठलं. बाकी काही न सांगता विचारलं, मुलीनेही आईला शोधलं असेल तर ते कुठे सापडेल? मॅडम म्हणाल्या, "दुसऱ्या राज्यातलं दुसरं साप्ताहिक बघ. माणसं आपल्या वस्तीतलं वाचतात. आई एक वाचते, लेक दुसरं, आणि दोघी जन्मभर एकमेकींच्या पाठीला पाठ लावून बसतात."

दुसऱ्या साप्ताहिकाची रिळं धुळीत पडून होती. १८७५ मध्ये ती सापडली. "मी माझ्या आईला शोधते आहे. ती कपडे धुवायची. मी सहा वर्षांची असताना मला विकलं. घरी मला चिमणी म्हणायचे. तिच्या इस्त्रीने माझा डावा कोपर भाजला होता, त्यावरून ती मला ओळखेल." १८७६ मध्ये पुन्हा. १८७७ मध्ये तिसऱ्यांदा, आणि शेवटी: "तीन वर्षं विचारलं. कोणी काही बोललं नाही, म्हणजे उत्तर मिळालं. आता विचारणार नाही."

मी त्यापुढची रिळंही काढली. १८७८. १८७९. १८८०. काही नाही. मुलगी गप्प झाली होती. पहिल्या साप्ताहिकाची उरलेली रिळंही चढवली, तर तिकडे आई १८८५ पर्यंत छापत राहिली, मी अजून याच पत्त्यावर आहे, मी अजून याच पत्त्यावर आहे. मग तीही थांबली.

मी यंत्रापुढे रडले. शूबाई आल्या, पण शू म्हणाल्या नाहीत. त्या माझ्या दोन्ही बाजूंना बघत होत्या. आज दोन खुर्च्या माझ्याजवळ ओढलेल्या होत्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. मधे मी, दोघींना एकमेकींपासून अडवून बसलेली.

घरी गेले. चार वाजायचे होते. शब्दकोश उघडला, पत्र काढलं आणि बाबांच्या समोर, दादाच्या खुर्चीत बसले.

"आज टाइप केलेलं नाही," मी म्हटलं. "नुसती मूळ प्रत आहे. ऐका."

मी पत्र वाचलं. विरामचिन्हांसकट, कारण तसं नसतं वाचलं तर माझा आवाज टिकला नसता. "बाबांनी मला एकदा तरी शोधलं का, प्रश्नचिन्ह. शोधलं असेल तर लिही, स्वल्पविराम, मी येतो, पूर्णविराम. नसेल तर काही लिहू नकोस, पूर्णविराम. मी समजेन, पूर्णविराम." मग वरची तारीख वाचली.

आई कधी येऊन उभी राहिली ते कळलं नाही. तिने माझ्या तोंडात मारली. आयुष्यात पहिल्यांदा. मग तिनेच माझं डोकं पोटाशी धरलं आणि म्हणाली, "काखेत कळसा होता गं, आणि आम्ही गावभर फिरलो." बाबांनी ते निरोपाचं टाइप केलेलं पान घेतलं, वरपासून खालपर्यंत एक रेघ मारली, आणि समासात खोडण्याची खूण केली, नेहमीच्या शिस्तीत, व्यवस्थित.

गुरुवारी पहाटेची बस पकडून आम्ही तिघं पत्रातल्या पत्त्यावर गेलो. टायर दुरुस्तीच्या दुकानावर भाड्याच्या खोल्या होत्या. घरमालकीण लठ्ठ, दमेकरी, पण भली होती. "तो होय. गेला, वर्ष होऊन गेलं. मालाच्या ट्रकवर लागला. आज इथे, उद्या तिथे." मग तिला काही आठवलं. "आला तेव्हा पहिलं वर्षभर रोज विचारायचा, माझं पत्र आलंय का. जिना चढताना एकदा, उतरताना एकदा. मी म्हणायची, आलं की देईन ना बाबा, खाणार आहे का मी. मग त्याने विचारणं सोडलं."

आई तिथल्या पायरीवर बसली. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. खाली कोणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं.

परतीच्या बसमध्ये बाबांनी माझी वही मागितली. भिंग लावून त्यांनी गुडघ्यावर लिहिलं. एका ठिकाणी अडले तेव्हा मला विचारलं, "ती तुझी माणसं शेवटी काय विनंती करत होती?" मी सांगितलं. शुक्रवारी सकाळी त्यांनी तो कागद स्वतः दैनिकात नेऊन दिला, जिथे आठ वर्षांत त्यांनी पाऊल ठेवलं नव्हतं. आजवरच्या जाहिराती ते पोस्टाने पाठवत.

रविवारी ती आली. चहा झाल्यावर बाबा आपल्या खुर्चीत बसले, हातात हाताने लिहिलेला मसुदा. मी दैनिक उघडलं. आई स्वयंपाकघरात भांडी घासत होती, नळ चालू होता.

"वाच," बाबा म्हणाले. "समजून वाचू नकोस."

मी वाचलं. "आमचा मुलगा, पूर्णविराम. गेला तेव्हा एकोणीस वर्षांचा, स्वल्पविराम, आता सत्तावीस, पूर्णविराम. ट्रकवर काम करतो, पूर्णविराम. उजव्या हाताचा अंगठा छापखान्यात चेमटलेला, पूर्णविराम. मी त्याला तू मेलास म्हणालो, पूर्णविराम. ती चूक माझी, स्वल्पविराम, दुरुस्त करत आहे, पूर्णविराम. शोधलं का असं त्याने विचारलं होतं, पूर्णविराम. सात वेळा शोधलं, स्वल्पविराम, ही आठवी, पूर्णविराम. तो वर्तमानपत्र वाचत नाही, पूर्णविराम. म्हणून टपरीवर, स्वल्पविराम, पेट्रोल पंपावर, स्वल्पविराम, सलूनमध्ये, स्वल्पविराम, जो कोणी हे वाचत असेल त्याने कृपया एकदा मोठ्याने वाचावं, पूर्णविराम. आम्ही अजून याच पत्त्यावर आहोत, पूर्णविराम."

तिथे जाहिरात संपली. खाली रेघ होती, आणि रेघेखाली कोणाचं तरी घर भाड्याने द्यायचं होतं. मी ते स्वच्छ बघत होते. तरी माझं तोंड मिटलं नाही.

"ऐकलं, पूर्णविराम. निघालोय, पूर्णविराम."

जाड, थोडा घोगरा आवाज. साबणाची चव नव्हती या वेळी, डिझेलची होती.

बाबा मसुद्यावर वाकलेले तसेच राहिले. स्वयंपाकघरात एक भांडं पडलं आणि गरगरत थांबलं. आई ओल्या हातांनी धावत बाहेर आली, पाणी कोपरावरून ठिबकत होतं. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. खोलीभर, दाराबाहेर, जिन्यात पाहिलं.

"कुठे आहे?" तिने विचारलं. "आत्ता बोलला ना? कुठे आहे तो?"

मी वर्तमानपत्र बाबांपुढे धरलं. "हे कागदावर नाही, बाबा."

बाबांनी पेन्सिल उचलली. मसुद्याच्या शेवटच्या ओळीखाली त्यांनी ते दोन शब्द लिहिले. एकतीस वर्षांची सवय, मूळ प्रतीत नसलेल्या शब्दांवर त्यांचा हात आपोआप आडवा गेला आणि रेघ ओढली. मग ते थांबले. खोडलेलं पुन्हा ठेवायचं असेल तर त्याखाली टिंबं देतात, जुळणी करणाऱ्याला कळतं की हे काढायचं नाही. बाबांनी दोन्ही शब्दांखाली एक एक टिंब टेकवत नेलं, सावकाश, पेन्सिलीचं टोक दाबून.

"राहू दे," ते म्हणाले. आणि माझ्याकडे बघून, "ऊठ त्या खुर्चीतून. ती त्याची आहे. तुझ्यासाठी आतून दुसरी आण."